तीन रविवारांचा निर्वासित-हक्क अभ्यासवर्ग

अमळनेरमधील एका वाचनालयाने मध्य अमेरिकेतील युद्धनिर्वासितांच्या हक्कांच्या चळवळीवर घेतलेला तीन रविवारांचा अभ्यासवर्ग मी दीडशे रुपये भरून पूर्ण केला. विषय खानदेशापासून फार दूरचा असूनही सतरंजीवर जागा उरली नव्हती.

पहिले सत्र नेटके झाले. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या देशाच्या १९८० ते १९९२ या काळातील गृहयुद्धात सुमारे ७५,००० माणसे मेली. तेथील राजवटीला अमेरिकी सरकार स्वतःच लष्करी मदत देत असल्यामुळे, तिच्या छळाला कंटाळून अमेरिकेत आलेल्यांना निर्वासित मानणे त्याला अडचणीचे होते. म्हणूनच १९८४ साली साल्वादोर आणि ग्वाटेमाला येथील अर्जदारांपैकी तीन टक्क्यांनाही आश्रय मिळाला नाही, हा कार्यकारणभाव वक्त्यांनी फार स्पष्टपणे मांडला.

वर्गाचे खरे मोल दुसऱ्या रविवारी कळले. प्रत्येकाला आश्रयाच्या अर्जाचा मराठी नमुना भरायला दिला होता. छळाचे कारण वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत की विशिष्ट समाजगट, एवढे लिहून होते. पण पुराव्याच्या रकान्यापाशी सगळ्यांचे पेन थांबले, कारण रात्रीतून गाव सोडणारा माणूस कागद कोठून आणणार? तेव्हा धडगावकडून आलेले एक गृहस्थ म्हणाले, ‘आमच्या वनहक्क दाव्यांत निदान म्हाताऱ्यांचा जबाब तरी चालतो.’ त्यावरची चर्चा अर्धा तास लांबली आणि संयोजकांनी ती लांबू दिली, हे विशेष.

तिसऱ्या सत्राचा तोल मात्र गेला. अमेरिकेतील टूसॉन शहराच्या एका चर्चने २४ मार्च १९८२ रोजी निर्वासितांना जाहीरपणे आसरा दिला आणि पुढे १९८६ मध्ये अशा मदतीबद्दल आठ कार्यकर्ते दोषी ठरले, ही हकिकत रंगतदार आहे खरी; पण तिच्यात दीड तास गेला. साल्वादोरच्या निर्वासितांनी लॉस एंजेलिसमध्ये १९८३ साली स्वतः उभारलेल्या ‘कारेसेन’ या संस्थेला जेमतेम दहा मिनिटे मिळाली. ज्यांच्या हक्कांचा हा वर्ग, तेच त्यात पाहुण्यासारखे वावरले. नाकारलेल्या अर्जांची फेरसुनावणी ज्या १९९१ च्या न्यायालयीन तडजोडीमुळे शक्य झाली, तीही घाईत उरकली गेली.

टिपणांच्या झेरॉक्स फिक्या होत्या, शिवाय एकाच संकल्पनेला कोठे ‘आश्रय’, कोठे ‘शरण’, कोठे ‘अभय’ म्हटल्यामुळे गोंधळ उडत होता. पुढचा वर्ग दिवाळीनंतर आहे. एकच रविवार मोकळा असेल, तर दुसऱ्या सत्राचा निवडावा.