जंगलात रात्र काढायची तर: चितवनचा टॉवर, विदर्भातलं मचाण की पेरियार?

जंगलात तीन-चार दिवस आणि त्यातली एक रात्र उंच मचाणावर, असा बेत ठरला की घोडं अडतं ते जागेपाशी. आपल्याकडून जाण्यासारखे तीन पर्याय खरोखर वेगळे आहेत: नेपाळमधलं चितवन, विदर्भातली बुद्धपौर्णिमेची मचाणं आणि केरळातलं पेरियार. तिन्हीकडे रात्र जमिनीपासून वर निघते. बाकी जवळजवळ काहीच सारखं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. टॉवरचा फोटो बघून सहल निवडू नका. रात्री जंगलात ऐकू खूप येतं, दिसतं फार थोडं. पैसे वसूल होतात ते त्या रात्रीच्या आगेमागे असलेल्या दिवसांत. याला अपवाद एकच, विदर्भ. तिथे रात्रीच बघायला मिळतं, पण त्यासाठी अंगात थोडी सोसण्याची तयारी लागते.

चितवन: दिवस भारी, रात्र आरामाची

चितवन १९७३ साली नेपाळचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९८४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. इथे जायचं मुख्य कारण गेंडा. २०२१ च्या गणनेत नेपाळभरात ७५२ एकशिंगी गेंडे मोजले गेले, त्यातले ६९४ एकट्या चितवनात. त्यामुळे दोन-तीन दिवसांत गेंडा न दिसता परत येणं हे दुर्दैवच म्हणायचं. सौराहा या राप्ती नदीकाठच्या गावात तर रात्री गेंडा रस्त्यावरून फिरून जातो आणि दुकानदार शटर अर्धं ओढून बघत बसतात.

वाघही आहेत, २०२२ च्या गणनेत १२८. पण वाघासाठी चितवनला जाऊ नका. हत्तीगवत माणसाच्या डोक्यावर जातं. वाघ दहा पावलांवर असला तरी दिसेलच असं नाही.

चितवनची खरी मजा ही की इथे गाडीतून उतरता येतं. आपल्या व्याघ्र प्रकल्पांत जिप्सीतून, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीतून, पाय खाली टाकला तर गाइडची परवानगी जाते. इथे दोन गाइडांच्या मध्ये तुम्ही पायी जंगलात शिरता. निघण्याआधी गाइड काठी टेकवून उभा राहतो आणि कोणासमोर काय करायचं ते सांगतो. गेंडा अंगावर आला तर झाडावर चढा, नाहीतर नागमोडी पळा. अस्वल आलं तर सगळे एकत्र या, काठ्या आपटा, आरडाओरडा करा. वाघ समोर आला तर नजर न काढता हळूहळू मागे सरका, पळायचं नाही. हत्ती दिसला तर मात्र सरळ पळत सुटा. पहिल्या वेळी सगळे हसतात. अर्ध्या तासाने गवतात काहीतरी फुरफुरतं आणि जो तो चढण्याजोगं झाड शोधू लागतो.

याशिवाय राप्तीतून एका खोडात कोरलेल्या डोंग्यातून जाता येतं. पाण्याची पातळी तुमच्या कोपराजवळ आणि काठाच्या वाळूवर मगर पडलेली. लांब चिंचोळ्या तोंडाची सुसर, म्हणजे घडियाल, इथे नदीत दिसते; कसरा इथे १९७८ पासून तिचं प्रजनन केंद्रही आहे. पक्षी पाचशेहून अधिक जातींचे. पक्षी बघणाऱ्याने पुढचं वाचलं नाही तरी चालेल, त्याने चितवनच घ्यावं.

आता टॉवर. जाहिरातीत ‘नॅशनल पार्कमध्ये मुक्काम’ असा सूर असतो, तो तेवढासा खरा नाही. उद्यानाच्या आतली हॉटेलं २०१२ मध्ये बंद झाली. रात्रीचे टॉवर आहेत ते बफरमधल्या, म्हणजे उद्यानाभोवतीच्या पट्ट्यातल्या, सामुदायिक वनांत, कुमरोज, बाघमारा अशा ठिकाणी. हे कमीपणाचं नाही. ही जंगलं गावकरी सांभाळतात आणि उद्यानाच्या उत्पन्नातला ३० ते ५० टक्के वाटा बफरमधल्या लोकांसाठी जातो. जनावराला हद्द कुठली, गेंडा तिथेही येतो. पण गावही जवळ असतं. कुत्र्यांचं भुंकणं, लांबवर वाजणारं गाणं हे धरून चाला.

टॉवर म्हणजे खांबांवर उभी केलेली खोली. अंथरूण, मच्छरदाणी, समोर गच्ची, बहुतेक ठिकाणी स्वच्छतागृह. जेवण सोबत बांधून देतात. खाली मोकळं गवताळ मैदान किंवा पाणी. सोय बरी आहे, आणि तीच अडचण. रात्री साडेदहाला गच्चीवरची मंडळी एकेक करून आत जातात, उशीवर डोकं टेकतात, आणि पहाटे दोनला गेंडा येऊन गेल्याचं सकाळी शेणावरून कळतं.

हंगाम जपून निवडा. डिसेंबर-जानेवारीत तराईत, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या या सपाट पट्ट्यात, धुकं इतकं दाट की टॉवरवरून स्वतःचा जिना दिसत नाही. हिवाळ्यात गावकऱ्यांना छपरासाठी गवत कापायला उद्यान उघडून देतात, उरलेलं जाळलं जातं. त्यानंतरचे दिवस, म्हणजे फेब्रुवारीअखेर ते एप्रिल, बघण्यासाठी सर्वांत चांगले.

प्रवास लांबचा आहे. मुंबईहून रेल्वेने गोरखपूर, तिथून सुनौलीची सीमा, पुढे बुटवल आणि नारायणगढमार्गे सौराहा. नाहीतर विमानाने काठमांडू आणि मग पाच-सहा तास रस्त्याने. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधार चालतं ते फक्त १५ वर्षांखालच्यांना आणि ६५ वर्षांवरच्यांना. विमानतळावर याच एका मुद्द्यावर अडलेली कुटुंबं दर हंगामात दिसतात.

एक सूचना आगाऊपणाची वाटेल, तरी करते. पॅकेजमध्ये हत्तीवरची सफारी असेल तर ती काढून त्याजागी आणखी एक पायी फेरी मागा. जनावराचे हाल वाचतात आणि जंगलही जास्त कळतं.

विदर्भ: रात्रच सगळं काही

वैशाखातली पौर्णिमा म्हणजे ऐन उन्हाळा. नाले आटलेले, पानगळ झालेली, पाणवठे मोजके. चांदण्यात पाण्यावर येणारं जनावर दिसतं, म्हणून या रात्री प्राणीगणना करायची जुनी रीत. आता वाघ मोजतात ते कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावून, त्यामुळे पाणवठ्यावरच्या गणनेला शास्त्रीय वजन राहिलेलं नाही. वनविभाग तिला ‘निसर्गानुभव’ म्हणतो, आणि ते नाव योग्य आहे. ताडोबा, मेळघाट, पेंच, नवेगाव-नागझिरा, बोर, टिपेश्वर अशा ठिकाणी नोंदणी करून, शुल्क भरून सामान्य माणसाला मचाणावर बसता येत आलं आहे.

इथे खोली नाही, गादी नाही. लोखंडी किंवा लाकडी माचा, त्यावर दोघं-तिघं आणि सोबत गाइड किंवा वनमजूर. दुपारी गाडी तुम्हाला मचाणावर सोडते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायला येते. मधल्या वेळात खाली उतरायचं नाही. लघवीची सोय काय, हा प्रश्न लाजून टाळण्यासारखा नाही. विशेषतः बायकांनी नोंदणीआधीच विचारून घ्यावा, म्हणजे ऐनवेळी पाणी पिणं टाळून मे महिन्यातल्या चंद्रपुरात उष्माघात ओढवून घ्यायची वेळ येत नाही. पारा ४५ च्या वर जातो. पाणी माणशी चार-पाच लिटर लागतं. खाणं कोरडं आणि बिनवासाचं, अत्तर-डिओ घरी, कपडे मातकट रंगाचे.

आणि मग जे बघायला मिळतं ते चितवनच्या गच्चीत मिळत नाही. सांबर पाण्यावर यायला अर्धा तास घेतं. झाडीच्या कडेला उभं राहतं, कान फिरवतं, पुढचा एक पाय उचलून तसाच धरून ठेवतं. दोन पावलं येतं, परत फिरतं. पुन्हा येतं. पाण्याला तोंड लावलं तरी कान मागेच. अस्वलाचं असलं काही नसतं. ते खसाखसा पाचोळा तुडवत सरळ येतं, पाणी ओढल्याचा आवाज मचाणापर्यंत पोचतो, आणि आल्या वाटेने कुरकुरत निघून जातं. साळिंदर, रानडुक्कर, उदमांजर, कधी रानगवे. मधल्या रिकाम्या वेळात रातवा पक्षी ओरडत असतो, टेबलावर सोडलेला टेबलटेनिसचा चेंडू टपटपत शांत व्हावा तसा. वानराचा किंवा चितळाचा कॉल, म्हणजे धोक्याचा इशारा, सुरू झाला की गाइड नुसती तर्जनी वर करतो. वाघ किंवा बिबट्या आसपास असतो, पुष्कळदा दिसत मात्र नाही.

तुमच्या हातात एक तक्ता असतो. वेळ, प्राणी, संख्या, नर-मादी-पिल्लू. तो नीट भरा. त्याच्यामुळे झोप येत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा उपयोग.

तोट्याची बाजूही ऐका. रात्र एकच आणि तारीख पंचांगाने ठरवलेली. मचाण कुठलं मिळेल ते आपल्या हातात नसतं. एखाद्या मचाणावर रात्रभरात एक ससा आणि दोन मोर, एवढीच नोंद होते. वळवाचे ढग आले तर चंद्रही नाही. शिवाय २०२५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने उत्तराखंडातल्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या प्रकरणात व्याघ्र प्रकल्पांतल्या रात्रीच्या पर्यटनावर बंदीचा आदेश दिला आणि कोअरच्या, म्हणजे गाभ्यातल्या जंगलाच्या, पर्यटन क्षेत्रात मोबाइल वापरायलाही मनाई केली. म्हणून त्या-त्या वर्षीचं परिपत्रक हातात आल्याशिवाय सुट्टी टाकू नका आणि ‘मचाण पक्कं’ म्हणणाऱ्या एजंटला आगाऊ पैसे देऊ नका.

दिवसांचं काय? मचाणाला जोडून ताडोबाच्या तीन-चार जिप्सी फेऱ्या घेतल्या तर वाघ दिसण्याची शक्यता या तिन्ही पर्यायांत इथेच सर्वाधिक. मात्र मंगळवारी ताडोबाचा कोअर बंद असतो, आणि पौर्णिमा सोमवारी आली की पुढचा दिवस फुकट जातो. तेव्हा बफरची फेरी बघा.

पेरियार: चालणाऱ्यांसाठी

पेरियारबद्दल थोडक्यात, कारण निवड करणाऱ्याला तिथे एकच गोष्ट तपासायची आहे: तुम्हाला चालायला आवडतं का? मुल्लपेरियार धरणामुळे १८९५ मध्ये झालेल्या जलाशयाभोवतीचं हे जंगल. ताडोबासारखी जिप्सी सफारी नाही. बोट किंवा पाय. एडप्पालयमचा वॉच टॉवर खरोखर जंगलाच्या आत आहे, हे त्याचं वेगळेपण. चितवनसारखं गाव कानाशी नाही. जागा अगदी थोड्या माणसांची, त्यामुळे आरक्षण लवकर संपतं.

दुसरा पर्याय टायगर ट्रेल. एक किंवा दोन रात्रींचा तंबूतला ट्रेक, सोबत बंदूकधारी वनरक्षक, आणि वाट दाखवणारे पूर्वी याच जंगलात चोरटी शिकार करणारे लोक. नाव वाघाचं असलं तरी दिसतात हत्ती, गवे, मोठा शेकरू. टॉवरपेक्षा मला हा ट्रेक जास्त भावतो, पण तो उंचावरचा मुक्काम नव्हे. पावसाळ्यात जळवा अंगावर चढतात. त्यासाठी मोजे मिळतात, तरी ज्याला किळस आहे त्याने मार्च-एप्रिल धरावा.

पॅकेज हातात आल्यावर

‘तीन दिवस, दोन रात्री’ असं लिहिलेलं असतं त्यात जंगलाचा पूर्ण दिवस एकच असतो. पहिला दिवस पोचण्यात आणि गावात फिरण्यात जातो, तिसरा न्याहारीनंतर संपतो. त्यात एक रात्र टॉवरची असली तर पहाटेची फेरी बहुधा टॉवरवरून परतण्यातच खर्च होते. चितवनला चार दिवस-तीन रात्री हे किमान समजा.

विचारायचे प्रश्न तीनच. टॉवरवर आणखी कोणकोण असणार? दुसरा कळप गप्पा मारणारा निघाला तर रात्र गेलीच. गाइड रात्री वर थांबतो की जेवण पोचवून खाली जातो? आणि टॉवरसमोर पाणी आहे का, की नुसतं झाडीचं दृश्य?

चितवन आणि पेरियारला तारीख आपली आपण ठरवता येते, तिचा फायदा घ्या. पुष्कळ जण पौर्णिमेनंतरचा शनिवार-रविवार धरतात, ते चुकीचं. पौर्णिमेनंतर चंद्र रोज सुमारे पाऊण-एक तास उशिरा उगवतो, म्हणजे जागं असताना अंधार. द्वादशी ते चतुर्दशी धरा. सूर्य मावळतो तेव्हा चंद्र आधीच वर आलेला असतो आणि अंधार पडतो तो पहाटे, तुम्ही पेंगत असताना. दुर्बीण ८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची, न्या. खिशात मावणारी छोटी रात्री निरुपयोगी. विजेरीला लाल कागद लावा. पांढरा उजेड एकदा डोळ्यांत गेला की अंधाराला सरावायला पुन्हा वीस-तीस मिनिटं लागतात, आणि शेजाऱ्यांच्या शिव्या वेगळ्या.

घरची माणसं कोण आहेत त्यावर बरंचसं ठरतं. आईवडील आणि शाळकरी मुलं बरोबर असतील तर चितवन, फार विचार करू नका. मुलांना गेंडा आणि डोंगा पुरतो, मोठ्यांना पलंग मिळतो. फोटोसाठी जाणाऱ्याने टॉवर विसरून ताडोबाच्या फेऱ्या वाढवाव्यात, कारण रात्री फ्लॅश चालत नाही. एकटे किंवा दोघंच असाल, गुडघे शाबूत असतील आणि बारा-चौदा तास न बोलता बसता येत असेल, तर मचाणाची नोंदणी उघडायची वाट बघा. ते जमलं नाही तर पेरियारचं आरक्षण तोवर संपलेलं असतं, तेव्हा तिथली तारीख आधीच बघून ठेवलेली बरी.