एकच दिवस हाताशी असेल तर : दिवे घाट की मुंगी घाट?

सातारा, कोरेगाव किंवा फलटण भागातील ज्यांना पायी वाटचालीची ओढ आहे, परंतु आळंदी ते पंढरपूर चालण्याइतकी रजा मिळणे शक्य नाही, त्यांच्यासमोर एका दिवसाच्या डोंगरवाटेसाठी दोन पर्याय असतात. पहिला म्हणजे ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा टप्पा. दुसरा म्हणजे चैत्र शुद्ध द्वादशीला सासवडच्या तेल्या भुत्याच्या मानाच्या कावडीमागे शिखर शिंगणापूरचा मुंगी घाट. एक वाट सासवडला मुक्कामी पोहोचते आणि दुसरी सासवडहूनच कऱ्हेचे पाणी घेऊन निघालेली असते, तरी चालणाऱ्याला या दोन दिवसांत सोसावे लागते ते अगदी निराळे आहे.

दिवे घाटाच्या चढणीची धास्ती अनेकजण घेतात, ती बरीचशी अनाठायी आहे. मस्तानी तलाव खाली ठेवून वळणावळणाने वर जाणारा हा ४ ते ५ किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे. माउलींच्या रथाला येथे जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात हे खरे, पण मोकळ्या हातांनी चालणाऱ्या माणसाला हा चढ दम लावतो, थांबवत नाही. खरी कसोटी आहे ती अंतराची. पुण्याहून पहाटे निघाल्यावर सासवड सुमारे ३० किलोमीटर पडते, पायाखाली सर्वत्र डांबर असते, आणि गर्दीमुळे आपल्या चालीने चालता येत नाही. दहा पावले चालावे, थांबावे, पुन्हा चालावे, असे तासन् तास करताना पोटऱ्या चढणीपेक्षा अधिक दुखतात. घाट लागतो तो वडकीनाल्याच्या विसाव्यानंतर, म्हणजे पाय आधीच बोलू लागलेले असताना. त्यातच हा टप्पा बहुतेक वर्षी ज्येष्ठ वद्य एकादशीला येत असल्याने वाटेत मिळणारा फराळ उपवासाचा असतो. साबुदाणा खिचडी, केळी आणि राजगिऱ्याचे लाडू यांवर ज्यांचे भागत नाही, विशेषतः ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी आपली शिदोरी आणि औषधे पिशवीत ठेवावीत.

पूर्ण अंतर झेपणार नसेल तर हडपसरपासून चालणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. तेथे तुकाराम महाराजांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे वळते, तेव्हा नवख्याने आपण कोणत्या पताकांमागे आहोत हे एकदा पाहून घ्यावे. क्रमांकाच्या दिंड्यांच्या रांगांत मध्येच शिरू नये. मोकळ्या समाजाबरोबर कडेने चालावे, अभंग तेथूनही पुरेसा ऐकू येतो. (दिंड्यांची ही शिस्त घालून देणारे हैबतबाबा आपल्याच सातारा तालुक्यातील आरफळचे.) या दिवसाचा सर्वांत मोठा दिलासा असा की पाण्याचे टँकर, वैद्यकीय पथके आणि अन्नदान करणारी मंडळे वाटेवर असतात, त्यामुळे एकटा आलेला माणूसही एकटा पडत नाही.

मुंगी घाटात यांपैकी काहीही गृहीत धरता येत नाही. माळशिरस तालुक्यातील कोथळे गावाच्या बाजूने शंभूमहादेवाच्या डोंगरावर चढणाऱ्या या वाटेला रस्ता म्हणणे कठीण आहे. खडक, घसरणारी माती आणि मध्ये मध्ये हातांनी आधार घ्यावा लागेल अशी चढण आहे. अंतर थोडे आहे, पण प्रत्येक पाऊल बघून टाकावे लागते, आणि सावली जवळजवळ नसते. चैत्राचे ऊन आणि माणदेशाचा उघडा डोंगर एकत्र आले की माणशी ३ लिटर पाणीदेखील अपुरे वाटू शकते. अजिंक्यताऱ्यावर रोज फिरायला जाणाऱ्याने ती सवय पुरेशी समजू नये, कारण तेथे वरपर्यंत डांबरी रस्ता आहे. वासोट्यासारखी जंगलातली चढण ज्याने विनासायास केली आहे, त्याने मुंगी घाटाचा विचार करावा.

पाहण्यासारखे मात्र जे काही आहे ते याच घाटात आहे. जड कावड भाविक दोर लावून आणि मानवी साखळी करून कड्यावर चढवतात. ती मध्येच डळमळते, वरून ‘हर हर महादेव’चा गजर होतो आणि पुन्हा हातभर पुढे सरकते. परंतु तो मान कावडीच्या मानकऱ्यांचा आणि त्यांच्या गावांचा आहे, बाहेरून गेलेला माणूस येथे साक्षीदारच राहतो, आणि माझ्या मते निर्णय करताना हाच फरक चढ-उतारापेक्षा अधिक तोलून पाहावा. ज्याला चालणाऱ्यांतला एक व्हायचे आहे त्याने दिवे घाट निवडावा. मुंगी घाटात कावडीच्या थेट खाली कधीही थांबू नये, कारण वरून दगड सुटतात. सकाळीच चढून माथ्यालगत कडेला जागा धरणे उत्तम.

साठी ओलांडलेल्यांना किंवा गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना मी दोन्ही घाट सुचवणार नाही. लोणंद ते तरडगाव ही वाटचाल आपल्याच जिल्ह्यात, सपाटीवर आणि अगदी लहान अंतराची आहे, शिवाय वाटेत चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण पाहायला मिळते.

प्रवासाच्या दृष्टीने दिवे घाटासाठी आदल्या रात्रीच पुणे गाठावे, कारण त्या दिवशी घाट वाहनांना बंद असतो. परतताना पुण्याकडे उलटे न जाता सासवडहून नारायणपूरमार्गे कापूरहोळला महामार्गावर यावे आणि तेथून साताऱ्याची एसटी धरावी. सासवडला पोहोचेपर्यंत अंधार पडलेला असतो, म्हणून शक्य असल्यास मुक्काम करून सकाळी निघणे बरे. मुंगी घाटासाठी फलटण आणि नातेपुते करून कोथळ्याकडे जावे लागते, तर परतीला शिंगणापूरहून दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव असा सरळ रस्ता आहे. स्वतःचे वाहन घाटाच्या पायथ्याशी लावले तर मात्र रात्री ते आणण्यासाठी पुन्हा डोंगर उतरावा लागेल.