नसलेल्या दवाखान्यात माझा जन्म झाला: अपोस्टिलच्या एजंटचा अनुभव

माझ्या मामाने व्हॉट्सॲपवर आलेला माझा जन्मदाखला चश्मा पुसून नीट वाचला नसता, तर मी आज नेदरलँड्समधल्या एखाद्या नगरपालिकेच्या काउंटरवर खोटा कागद घेऊन उभी असते. आमचे गेले ते एजंटला दिलेले चौदा हजार. रक्कम ऐकून बरेच जण ‘एवढेच ना’ म्हणतात. म्हणोत.

नवऱ्याला आइंडहोव्हनची नोकरी लागली. कंपनीच्या पत्रात लिहिलं होतं की तिथे पोचल्यावर नगरपालिकेत नाव नोंदवावं लागेल, त्यासाठी दोघांचे जन्मदाखले आणि विवाह प्रमाणपत्र अपोस्टिल करून आणा. अपोस्टिल म्हणजे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने कागदाच्या पाठीमागे लावलेलं छापील स्टिकर. हेगच्या १९६१ च्या करारात जे देश आहेत ते एकमेकांचं हे स्टिकर मानतात. भारतात तो करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे. हे सगळं ज्ञान आता आलंय. तेव्हा आम्हाला एवढंच कळलं, की काहीतरी शिक्के मारून आणायचेत आणि हातात पाच आठवडे आहेत.

विवाह प्रमाणपत्र पुण्याचं होतं, त्याची काळजी नव्हती. नवऱ्याचा दाखला मिरजेचा, १९८७ चा, हाताने लिहिलेला आणि पूर्ण मराठीत. माझा तर नव्हताच. पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीने माझा जन्म आजोळी झाला, बार्शी तालुक्यातल्या एका खेड्यात. वडिलांची बदलीची नोकरी, त्यामुळे गावाहून दाखला आणायचं राहून गेलं ते गेलंच. शाळेत कुणी मागितला नाही, पासपोर्ट शाळा सोडल्याच्या दाखल्यावर निघाला. नशीब एवढंच की गुरुजींनी माझी जन्मतारीख १ जून करून टाकली नव्हती.

एजंट मिळाला नात्यातल्या ग्रुपवरून. कुणाच्या तरी जावयाचं काम त्याने ‘एकदम फास्ट’ केलं होतं म्हणे. ऑफिस पहिल्या मजल्यावर, काचेचं दार, भिंतीवर पंधरा-वीस देशांचे झेंडे, टेबलावर अशोकस्तंभाचं पितळी चिन्ह. त्या चिन्हानेच आम्ही निम्मे गार झालो. माणूस पस्तिशीचा, बोलायला गोड. मी म्हटलं, माझा दाखला काढायला गावाला जावं लागेल. तर म्हणाला, “कशाला मॅडम? आता सगळं ऑनलाइन आहे. तुम्ही फक्त माहिती पाठवा, क्यूआर कोडवाला दाखला येईल. पुढचं मंत्रालयातून मी करून घेतो.”

‘मंत्रालयातून’ हा शब्द फार सोयीचा आहे. मराठी माणसाच्या डोक्यात मंत्रालय म्हणजे नरिमन पॉइंटची इमारत. अपोस्टिल देतं ते दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय. जन्मदाखल्यासारख्या कागदावर आधी राज्याचं साक्षांकन लागतं, मग केंद्राचं स्टिकर. तो कुठल्या मंत्रालयाबद्दल बोलत होता हे आम्ही विचारलंच नाही, आणि तो दोन्हींचं मिळून एकच काहीतरी सांगत राहिला.

एका कागदाचे साडेसहा हजार, तीन कागदांचे साडेएकोणीस. शिवाय नवऱ्याच्या दाखल्याच्या ‘सरकारमान्य भाषांतराचे’ अडीच. एकूण बावीस हजार. चौदा आगाऊ दिले, तेही कुठल्या फर्मच्या खात्यात नाही, एका बाईच्या नावाच्या यूपीआयवर. पावती मागितल्यावर “शेवटी एकदम देतो ना सर” असं उत्तर आलं. नवरा दोन्ही मूळ कागद, त्याचा दाखला आणि विवाह प्रमाणपत्र, टेबलावर ठेवून आला. मी व्हॉट्सॲपवर माझं नाव, आईवडिलांची नावं, तारीख आणि गाव पाठवलं.

नवव्या दिवशी स्कॅन आले. माझा दाखला बघून मी खरोखर हरखले. मराठी-इंग्रजी दोन्हीत छापलेला, वर राजमुद्रा, खाली निबंधकाची सही, कोपऱ्यात क्यूआर. नवऱ्याने तिन्ही स्कॅन त्याच संध्याकाळी कंपनीला मेल केले. मी माझा दाखला आजोळच्या ग्रुपवर टाकला: बघा, अखेर माझा जन्म झाला!

रात्री मामाचा फोन. “आगं, ह्यात लिवलंय जन्मस्थळ प्राथमिक आरोग्य केंद्र. आपल्या गावात हाय कुठं आरोग्य केंद्र? तुझ्या येळंला सुईणीला मीच सायकलवर घिऊन आलोय.”

मला आधी वाटलं, टायपिंगची चूक असेल. एजंटला फोन केला तर तो हसला: “मॅडम, ते सिस्टिममधून आपोआप येतं.” तेव्हा कुठे मी क्यूआर स्कॅन केला. साइट उघडली, हुबेहूब सरकारी, माझं नाव, हिरवी बरोबरची खूण. मग पत्त्याकडे लक्ष गेलं. जन्म-मृत्यू नोंदणीच्या केंद्रीय पोर्टलचा पत्ता ‘सीआरएसओआरजीआय’ असा असतो आणि शेवट ‘डॉट गव्ह डॉट इन’ने होतो. यात सुरुवातीची अक्षरं तीच होती, शेवटी मात्र नुसतं ‘डॉट इन’. मधलं ‘गव्ह’ नाही. म्हणजे खोट्या दाखल्याची खातरजमा खोटी साइट करत होती. तुमच्याकडे असा दाखला असेल तर कोड स्कॅन करून हिरवी खूण बघू नका, वरचा पत्ता बघा.

मग स्टिकर. प्रत्येक अपोस्टिलला क्रमांक असतो आणि तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ऑनलाइन नोंदवहीत तपासता येतो. माझ्या दाखल्यावरचा क्रमांक टाकला तर नोंद सापडली, पण ती कुणाच्या तरी पदवी प्रमाणपत्राची. एका खऱ्या स्टिकरची रंगीत नक्कल माझ्या खोट्या दाखल्याच्या पाठीवर बसवलेली. नवऱ्याच्या दाखल्यावर तोच क्रमांक! निदान आकडा तरी बदलायचा.

भाषांतर उघडून वाचलं ते त्याच रात्री. दाखल्यात ‘मौजे’ अमुक असं गाव होतं. ते इंग्रजीत ‘फन’ झालं होतं. ‘मु. पो.’चं ‘एम. पी.’. खाली नोटरीचा गोल लाल शिक्का, वर हिरवं तिकीट. नोटरी भाषांतराची हमी देतच नाही. तो फार तर सांगतो की अमुक माणसाने माझ्यासमोर सही केली, किंवा ही प्रत मुळाबरहुकूम आहे. ‘फन’ हे गाव आहे की नाही, याच्याशी त्या शिक्क्याचा संबंध नाही. अपोस्टिलचंही काहीसं तसंच. ते सही आणि शिक्का कुणाचा हे सांगतं, आत लिहिलेलं खरं आहे असं म्हणत नाही.

आणि गंमत म्हणजे भाषांतराची गरजच नव्हती. नेदरलँड्समध्ये डच, इंग्रजी, जर्मन किंवा फ्रेंच कागद चालतो. दुसरी कुठली भाषा असेल तर शपथबद्ध अनुवादक लागतो, आपला नोटरी नव्हे. मिरजेला अर्ज करून नवऱ्याच्या त्याच नोंदीचा नवा दाखला मागितला तर तो मराठी-इंग्रजीतच मिळाला. अडीच हजारांचं ‘फन’ फुकट.

सकाळी पोलीस ठाण्यात गेलो. उपनिरीक्षक मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, “हा दाखला तुम्ही कुठे दिलाय का?” नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. आदल्या संध्याकाळीच तर मेल केला होता. खोटा दस्तऐवज खरा म्हणून वापरणं हा भारतीय न्याय संहितेत वेगळा गुन्हा आहे, कलम ३४०. माहीत नसताना वापरला तर गोष्ट वेगळी, पण कळल्यावर गप्प बसलात तर ते वेगळेपण उरत नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. ठाण्याच्या बाकावर बसूनच नवऱ्याने कंपनीला मेल लिहिला: काल पाठवलेल्या कागदांपैकी पत्नीचा दाखला बनावट निघाला आहे, कृपया वापरू नये, तिन्ही कागद आम्ही नव्याने पाठवू. चार ओळी लिहायला पाऊण तास लागला. मुलाखतीच्या पाच फेऱ्यांत त्याला इतका घाम फुटला नसेल. कंपनीने रुजू व्हायची तारीख सहा आठवडे पुढे ढकलली, हे त्यांचे उपकार. पैसे ऑनलाइन दिले असल्याने सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कॉलही केला. मात्र तो पहिल्या काही तासांत केला तर उपयोग, आम्ही तर नवव्या दिवसानंतर जागे झालो होतो.

खरा दाखला काढायला बार्शीची एसटी धरली. ग्रामपंचायतीत ग्रामसेवकांनी कपाटातून कापडात बांधलेलं रजिस्टर काढलं. कडा कुरतडलेल्या, शाई तपकिरी. माझी नोंद सापडली: तारीख बरोबर, आईचं नाव, वडिलांचं नाव, जन्मस्थळ ‘राहते घरी’. बाळाच्या नावाच्या रकान्यात फक्त ‘मुलगी’. खबर देणाऱ्याच्या रकान्यात आजोबांचा अंगठा. मी त्यावर बोट ठेवलं तर ग्रामसेवक म्हणाले, “ताई, घाम लागंल, पान जुनं हाय.”

इथे एजंटने आपलं दुकान का थाटलंय ते कळतं. नोंदीत नाव नसेल तर ते घालून घ्यावं लागतं, आणि कायद्यात त्याला जन्मापासून पंधरा वर्षांची मुदत आहे. आमच्यासारख्या जुन्या लोकांसाठी सरकारने ती वेळोवेळी वाढवली आहे, आम्ही गेलो तेव्हा वाढीव मुदत चालू होती. अर्ज, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पासपोर्टची प्रत. दोन खेपा, सोळा दिवस. दाखल्याचं शुल्क वीस रुपये.

अपोस्टिलसाठी परराष्ट्र मंत्रालय लोकांकडून थेट कागद घेत नाही, त्यांनी नेमलेल्या संस्थांकडे द्यावे लागतात, एवढं मात्र एजंट खरं बोलला होता. फक्त त्या संस्थांची यादी मंत्रालयाच्या साइटवर आहे आणि त्याचं नाव त्यात नव्हतं. मंत्रालयाचं शुल्क कागदामागे ५० रुपये, वर संस्थेचा शंभरेक रुपयांचा आकार. राज्याचं साक्षांकन, मुंबईच्या दोन फेऱ्या, वडापाव, सगळं धरून तीन कागदांना आम्हाला साडेतीन हजारांच्या आत पडलं.

मूळ कागद सोडवायला नवरा एजंटकडे गेला तर तो म्हणाला, उरलेले आठ हजार द्या आणि घेऊन जा. पोलिसांचा फोन गेल्यावर दोन्ही कागद कुरिअरने घरी आले, प्रेषकाच्या जागी काही न लिहिता. विवाह प्रमाणपत्राच्या पाठीवर ते नकली स्टिकर अजून आहे. काढायला गेलं की कागद सोलतो, म्हणून तो पोलिसांकडे जमा करून आम्ही दुसरी प्रत घेतली. चौदा हजारांपैकी एक रुपया परत नाही.

परवा मामाचा पुन्हा फोन आला. ग्रामसेवकांकडे दोन दाखल्यांची पडताळणी आलीय, आमच्याच गावच्या नावाने, जन्मस्थळ पुन्हा तेच प्राथमिक आरोग्य केंद्र. त्या आडनावाचं घर गावात कधी नव्हतं. “दोगी पोरीच हैत,” मामा म्हणाला. “फोन नंबर घावला की तुला धाडतो, तूच सांग त्येंना.”