रिचार्जेबल एअरब्रश, आठ महिने आणि एक मिग-२१

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू त्या बॅटरीवाल्या एअरब्रशचा, म्हणजे हवेने रंगाचा बारीक फवारा मारणाऱ्या पेनसारख्या ब्रशचा आहे, ज्याच्या बुडाला छोटा कॉम्प्रेसर, म्हणजे हवेचा पंप, चिकटलेला असतो आणि एकदा चार्ज केला की वायरबियर काही लागत नाही. नाव लिहीत नाही, कारण ऑनलाइन तोच पीस वेगवेगळ्या नावांनी विकला जातो, डब्यावरचा फोटोसुद्धा तोच. मार्चमध्ये अडीच हजाराला घेतला, आता नोव्हेंबर चालू आहे. एवढ्यात १/७२ स्केलची, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी, दोन मॉडेल विमानं पूर्ण झाली आणि तिसरं अजून बॉक्समध्ये पडलंय, त्याची गंमत पुढे सांगतो.

आम्ही राहतो लालबागला, दोन खोल्या, खाली गल्लीत गणपतीचा कारखाना. मी आधी हँड ब्रशनेच रंगवायचो आणि विमानावर कुंचल्याचे फराटे दिसायचे. १/७२ ला मिग-२१ चा पंख टोकापासून टोकापर्यंत जेमतेम दहा सेंटिमीटर भरतो, त्यावर एक जाडा फराटा आला तरी ते खेळणंच वाटतं. मोठा कॉम्प्रेसर ठेवायला जागा नव्हती, आणि त्याचा आवाज रात्री अकराला सुरू झाला असता तर शेजारच्यांनी मलाच खाली ढकललं असतं. म्हणून हा घेतला.

पहिले दोन महिने मी प्रेमातच होतो, खोटं कशाला बोलू. सरावाला एअरफिक्स कंपनीच्या किटचं स्पिटफायर मार्क वन हे जुनं ब्रिटिश लढाऊ विमान घेतलं, स्वस्त आणि तुकडे कमी. ब्रश ड्युअल अॅक्शन आहे, म्हणजे ट्रिगर खाली दाबला की हवा आणि मागे ओढला की रंग, आणि हे हाताला बसायला मला तीन आठवडे लागले, तोपर्यंत अख्ख्या घराच्या जुन्या बिलांवर ठिपके मारत बसायचो. तामिया कंपनीचा अॅक्रिलिक, त्यांचाच एक्स-२०ए थिनर, साधारण निम्मे निम्मे. व्हिडिओत सगळे म्हणतात दुधासारखा पातळ करा, पण कुठलं दूध ते कोणी सांगत नाही, डेअरीचं म्हशीचं आणि आमच्या ऑफिसच्या कँटीनमधलं यात फरक आहे ना राव. माझं उत्तर कँटीनमधलं. ब्रशवरच्या रंगाच्या कपाच्या कडेला रंग चढवून बघायचा, पातळसा थर मागे ठेवून सरसर खाली उतरला पाहिजे, गोळा झाला तर अजून थिनर.

स्पिटफायर एकदम मस्त झालं. मे महिना होता, घाम गळत होता पण रंग दहा मिनिटांत हाताला लागेनासा व्हायचा. त्यावेळी रिव्ह्यू लिहिला असता तर पाचपैकी पाच दिले असते. म्हणून मला ते "कालच आलं, सुपर प्रॉडक्ट" वाले रिव्ह्यू वाचवत नाहीत.

मग आला जून.

या मशिनची खरी अडचण मुंबईत पावसाळ्यात कळते. कॉम्प्रेसर हवा दाबतो, दाबलेल्या हवेतली वाफ थंड होऊन पाणी होते आणि ते पाणी रंगाबरोबर थुंकल्यासारखं बाहेर पडतं. मोठ्या कॉम्प्रेसरला मधे मॉइश्चर ट्रॅप लावतात, काचेची वाटी असते, पाणी त्यात जमतं. इथे कॉम्प्रेसर ब्रशच्या बुडालाच असल्यामुळे ट्रॅप लावायचा तरी कुठे? जुलैत बाहेर धो धो चालू असताना मी पंखाच्या खालच्या बाजूला करडा मारत होतो आणि सातव्या आठव्या मिनिटाला टप्पकन एक थेंब, मधोमध. पुसला तर रंग निघाला, नाही पुसला तर डाग. तो पंख तीनदा धुतला.

हे सगळं मिगवर चाललं होतं. जुलैमध्ये बातमी आली की हवाई दलाचे शेवटचे मिग-२१ सप्टेंबरमध्ये निवृत्त होणार, २६ तारखेला चंडीगडला निरोप. १९६३ पासून हे विमान आपल्याकडे होतं, माझे मामा नाशिकजवळ ओझरच्या एचएएल या सरकारी विमान कारखान्यातून रिटायर झाले, तिथेच मिग-२१ बनायचं आणि पुढे बायसन या सुधारित रूपात अपग्रेडही तिथेच व्हायचं. त्यामुळे मी ठरवून टाकलं की २६ सप्टेंबरच्या आत मामांना बायसन नेऊन द्यायचं. झ्वेझ्दा कंपनीचं मिग-२१ बिस (मिगचा एक प्रकार) हे किट घरात होतंच, बायसन त्या बिसवरूनच केलेलं.

पण बॉक्समधलं बिस सरळ जोडलं की बायसन होत नाही. सगळ्यात डोळ्यात भरणारा फरक पुढच्या काचेचा. बिसला पुढे सपाट काच आणि बाजूला पट्ट्या, बायसनला एकसंध गोलाकार काच. ती कुठल्या बॉक्समध्ये शोधत बसणार, म्हणून जुगाड. एम-सीलचा गोळा किटच्या काचेच्या आकाराचा घडवला, वाळल्यावर पॉलिश पेपरने गुळगुळीत केला, काडीवर बसवला. मग मिठाईच्या बॉक्सचं पारदर्शक झाकण कापलं, चिमट्यांनी दोन्हीकडून धरून मेणबत्तीच्या वर, ज्योतीत नाही हां, वर, ते लुळं पडलं की झपकन त्या गोळ्यावर ओढायचं. पहिलं जळालं, दुसऱ्याला सुरकुत्या, तिसऱ्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा आला, चौथं मधे फाटलं, पाचवं असं बसलं की मी आईला उठवून दाखवलं. रात्रीचे साडेबारा वाजले होते. ती म्हणाली "छान आहे, मेणबत्ती विझवलीस ना."

कॉकपिटचा रंग रशियन विमानांत तो निळसर हिरवा असतो, आपल्याकडच्या शाळेच्या बाकांसारखा, तो हातानेच मारला. मामांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर काचेबद्दल एक शब्द नाही, म्हणाले "चाकांच्या डिशा हिरव्या कर आधी, काळ्या काय केल्यास."

आता ऑगस्टमधला घोळ. रंग कसाबसा झाला, त्यावर ग्लॉस क्लिअर, म्हणजे चकचकीत पारदर्शक थर, मारायचा होता, कारण डेकल, म्हणजे चिन्हं-आकड्यांचे पातळ स्टिकर, गुळगुळीत पृष्ठभागावरच नीट बसतात, खरबरीत रंगावर लावले तर खाली हवा राहते आणि चंदेरी झाक दिसते. मी लॅकर क्लिअर घेतला, रविवारी संध्याकाळी खिडकी उघडी ठेवून मारला, बाहेर रिपरिप चालू. पाच मिनिटांत अख्खं विमान पांढरट पडलं, पावडर लावलेल्या बाळासारखं. डोक्यालाच हात लावला. याचं कारण नंतर कळलं, लॅकरचा थिनर भसकन उडतो, उडताना पृष्ठभाग थंड करतो, त्यावर हवेतली वाफ धरते आणि ओल्या क्लिअरमध्येच अडकते. यात एअरब्रशची काही चूक नाही, सगळी माझी.

विमान हातात घेऊन खाली उतरलो तर कारखान्यातले काका दारात चहा पीत उभे, चतुर्थीला वीस दिवस राहिलेले, डोळे लाल झालेले. त्यांनी विमान उजेडाकडे धरलं आणि म्हणाले, "पावसात वार्निश मारतोस होय रे? आम्ही हॅलोजन लावून ताडपत्रीच्या आत मारतो, तरी हात जपून." मग म्हणाले घासू नकोस, वाट बघ, कोरडा दिवस आला की नुसतं थिनर लांबून फुंकर मारल्यासारखं मार, परत ओलं होईल आणि आतली वाफ निघून जाईल. मी तेच केलं, फक्त लेव्हलिंग थिनर वापरला, त्यात सावकाश उडणारा भाग असतो. खोलीत दोन तास एसी ड्राय मोडवर ठेवला, नाकाला गॅसवाला मास्क (साधा कापडी नाही चालत), स्वयंपाकघरातला गॅस सिलेंडरवर बंद. तीन हलके हात. पांढरेपणा डोळ्यादेखत विरघळला.

एवढं होऊन २६ सप्टेंबर हुकलाच. टीव्हीवर बायसन शेवटचं उडताना बघितलं तेव्हा माझं टेबलावर डेकलशिवाय उभं होतं.

डेकलचं थोडक्यात. किटमधले भारतीय नव्हते, म्हणून डेकल पेपर आणून फोर्टातल्या झेरॉक्सवाल्याकडे लेझर प्रिंट काढली, मशिनमध्ये कागद चिकटला तर कोण भरणार यावर दहा मिनिटं वाद, शेवटी मी लेखी देतो म्हटल्यावर हसून काढून दिली. लक्षात ठेवा, प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. आपला राउंडेल, म्हणजे विमानावरचं गोल चिन्ह, बाहेर हिरवा, मधे पांढरा, आत केशरी, तो पांढऱ्या डेकल पेपरवर काढून बरोब्बर कडेने कापायचा, आकडे मात्र पारदर्शक पेपरवर. पहिल्या प्रिंटला केशरी संत्र्याच्या गोळीसारखा आला होता. डेकल बसवायची मायक्रो सेट आणि मायक्रो सोल ही दोन्ही द्रावणं लागतात, सोल लावल्यावर डेकल सुरकुततो, त्यावेळी हात लावायचा नाही, तो आपोआप सपाट होतो. मी एकाला हात लावला. तो आता डाव्या पंखाखाली आहे, कोणी बघत नाही.

विसर्जनानंतर काका स्वतः वर आले बघायला. कॅनोपीच्या (कॉकपिटवरच्या काचेच्या) पट्ट्या राहिल्या होत्या, मी मास्किंग टेप कापून कापून वैतागलो होतो. त्यांनी खिशातून आखणीचा ब्रश काढला, बाप्पाचे डोळे आखतात तो, करंगळी टेबलावर टेकवली, श्वास धरला आणि एका दमात अर्ध्या मिलिमीटरची रेघ, परत दुसऱ्या बाजूने. टेप नाही काही नाही. माझा अडीच हजारांचा एअरब्रश शेजारीच चार्जिंगला लावलेला.

आता मशिनचा हिशोब. बॅटरी नवीन असताना पाऊण तास जायची, आता पंधरा मिनिटांत दम सोडते. विकणाऱ्याला लिहिलं तर उत्तर आलं की वॉरंटी एक महिना होती. हवेचा दाब कमी जास्त होत राहतो, बारीक रेघ मारताना ते जाणवतं, सपाट रंगाला चालून जातं. नॉझल ०.३ मिलिमीटरचं आहे, ठीक, पण आटे इतके नाजूक की जूनमध्ये मी पान्याने जरा जास्त आवळलं आणि तुकडा आतच राहिला, नवीन ऑनलाइन मागवलं, आठवडा गेला. आता बोटाने लावतो, तेवढं पुरतं. सफाई मात्र सोपी आहे, थिनर टाकून पुढचं तोंड बोटाने बंद केलं की कपात बुडबुडे येतात आणि सगळा गाळ वर येतो.

सप्टेंबरमध्ये मी वैतागून नागदेवी स्ट्रीटवरून टाकीवाला छोटा कॉम्प्रेसर, रेग्युलेटर आणि ट्रॅप आणला. ब्रशचा आटा एक अष्टमांश इंची आणि कॉम्प्रेसरचा पाव इंची, मधला अॅडॉप्टर तिथेच दुसऱ्या दुकानात मिळाला. बॅटरी काढली आणि ब्रशचा तोच पुढचा भाग पाइपला जोडला. तोच ब्रश, तोच रंग, १५ ते १८ पीएसआय हवेचा दाब, आणि एक थेंब नाही. म्हणजे ब्रश वाईट नाहीच, त्याच्या बुडाला बांधलेला तो पंप इथल्या हवेत टिकत नाही.

कोणी विचारलं घेऊ का, तर ऑक्टोबर ते मे साधा मॅट रंग मारायचा असेल आणि अजून हात बसलेला नसेल तर घ्या. पाण्याचे चार महिने आणि क्लिअर कोट, दोन्हीला नको. आणि घेताना बघा की पुढचा ब्रश सुटा होऊन पाइपला लागतो का, काहींचा लागत नाही.

तिसऱ्या विमानाचं राहिलंच. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांचं १९७१ च्या युद्धातलं श्रीनगरचं नॅट हे छोटं लढाऊ विमान करायचं म्हणून उत्साहात एअरफिक्सचं नॅट मागवलं, उघडलं तर आत दोन सीट. ते ब्रिटिशांचं टी.१ ट्रेनर निघालं, कसरती पथकाचं, लाल रंगाचं रेड अॅरोजवालं. आपलं नॅट एका सीटचं, पंख लहान, नाकसुद्धा वेगळं, ते कापून जोडायचं तर अर्धं विमान नव्याने करावं लागेल. बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, मीच वाचलं नाही.

मिग दिवाळीत ओझरला पोचलं. नाकावरची पिटो ट्यूब, म्हणजे वेग मोजणारी बारीक नळी, प्रवासात मोडली, मामांनी स्वतः इंजेक्शनची सुई कापून लावली आणि आता सगळ्यांना सांगतात की ती मूळचीच आहे.