वॉरंटीत बदललेले इंजिन: काम चोख, नोंदी अपुऱ्या

माझ्या गाडीचे इंजिन वॉरंटीत बदलून देणाऱ्या या डीलरशिपचे काम चोख आहे, मात्र नोंदींबाबतची त्यांची बेफिकिरी मला गंभीर वाटते. बिलावर केवळ ‘इंजिन काम, वॉरंटी’ एवढाच उल्लेख होता; सुट्या भागाचा क्रमांक नव्हता आणि जॉब कार्डची (गाडीवर केलेल्या कामाच्या नोंदपत्राची) प्रतही मागितल्यावरच मिळाली. बॉनेट उघडून टॉर्चच्या उजेडात पाहिले, तेव्हा ब्लॉक (इंजिनाचा मुख्य धातूचा सांगाडा) स्वच्छ, सांध्यांवरचे सीलंट ताजे आणि माउंटिंगच्या बोल्टांवर पान्याच्या नव्या खुणा दिसल्या. पण जुनेच इंजिन उतरवून पुन्हा बसवले, तरी यातले बरेचसे दिसू शकते. ब्लॉकवर कोरलेला क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रावरील क्रमांकापेक्षा वेगळा निघाला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. (काही वेळा बदली ब्लॉक क्रमांकाविना येतो आणि त्यावर जुनाच क्रमांक कोरला जातो, त्यामुळे तोच क्रमांक दिसला म्हणून लगेच फसवणूक समजू नये.) चासी क्रमांक देऊन थेट कंपनीकडे चौकशी केली असता वॉरंटी दाव्यात पूर्ण इंजिनाची नोंदही सापडली. नोंदणीत नवा क्रमांक चढवून घ्यावा, हे मात्र डीलरशिपने एका शब्दानेही सांगितले नाही, आणि विमा दाव्याच्या वेळी हीच तफावत अंगाशी येऊ शकते.