पीडीटीसाठी वूड्स लॅम्प पुरतो की फ्लुरोसन्स कॅमेरा घ्यावा?

स्किन क्लिनिकमध्ये पीडीटी, म्हणजे क्रीम आणि उजेड वापरून बिघडलेल्या पेशी मारणारी फोटोडायनॅमिक थेरपी, सुरू करायची म्हटलं की ट्रीटमेंटच्या दिव्यानंतर लगेच हा प्रश्न येतो. आधी बघायचं काय असतं ते सांगतो. एएलए किंवा एमएएल या औषधाचं क्रीम लावून झाकून ठेवलं, एमएएलला साधारण 3 तास, की बिघडलेल्या पेशींत प्रोटोपॉर्फिरिन हे उजेडाने जागं होणारं रसायन साठतं, त्यावर 405 नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड टाकला की ते लाल चमकतं, आणि ट्रीटमेंटच्या लाल उजेडात तेच ऑक्सिजनच्या मदतीने पेशी मारतं आणि मारता मारता स्वतःही संपत जातं. त्यामुळे आधी किती चमकलं यापेक्षा नंतर किती उतरलं ते जास्त महत्त्वाचं.

वूड्स लॅम्प, म्हणजे अतिनील उजेडाचा तपासणीचा दिवा, बहुतेक त्वचावाल्यांकडे असतोच. खोलीत अंधार केला की क्रीम मुरलंय का, डाग दिसतो त्याच्याबाहेर पसरलाय का, एवढं कळतं. अ‍ॅक्टिनिक केराटोसिस (उन्हाने होणारे खरखरीत डाग) किंवा पातळ बोवेन्सच (त्वचेच्या वरच्या थरातला सुरुवातीचा कॅन्सर) करणार असाल तर माझ्या मते तेवढ्यावर भागतं. पण चमक निम्मी उतरली की पाव, हे नुसत्या डोळ्याला सांगता येत नाही.

वरवरचा बीसीसी (बेसल सेल कार्सिनोमा, त्वचेचा एक कॅन्सर) करणार असाल, ज्यात एमएएलच्या दोन सिटिंग आठवड्याच्या अंतराने होतात, तर मात्र कॅमेरा घ्याच. निळे एलईडी आणि लेन्सवर निळा अडवणारा फिल्टर, आणि तीन फोटो: क्रीमच्या आधी, उजेडाच्या आधी, उजेडानंतर. ऑटो एक्स्पोजर बंदच ठेवा, नाहीतर कॅमेरा नंतरचा फिका फोटो आपणहून उजळ करतो आणि झालेला फरक गायब. अंतर, अँगल तेच ठेवा आणि फोटो पटापट काढा, कारण तो निळा उजेडही थोडं प्रोटोपॉर्फिरिन खातोच. एखाद्या कोपऱ्यात चमक उतरलीच नाही तर तिथे उजेड पोचला नसेल किंवा ऑक्सिजन कमी पडला असेल, आणि हे पेशंट टेबलावर असतानाच कळतं हा खरा फायदा. नाकावरचे बारीक लाल ठिपके बघून मात्र घाबरू नका, ते छिद्रांमधल्या बॅक्टेरियांचे असतात.

पण दोन्हींची नजर वरवरचीच, निळा उजेड कातडीत मिलिमीटरभरही नीट जात नाही. त्यात आपल्याकडे बीसीसी बऱ्याचदा काळपट, पिगमेंटेड असतो, मेलॅनिन जाणारा उजेडही गिळतं आणि येणारी चमकही, म्हणून तिथे फोटो फिका आला तर त्यावरून काहीच ठरवू नका. अशा गाठीला किंवा जाड नोड्युलर बीसीसीला पीडीटीपेक्षा सर्जरीच बरी, आणि मेलॅनोमा या घातक त्वचेच्या कॅन्सरचा संशय असेल तर क्रीमची ट्यूब उघडायच्या आधी बायोप्सी.