रिमोट उघडून साफ करायचा की सरळ डुप्लिकेट आणायचा?

आधी मोबाईलचा सेल्फी कॅमेरा चालू करून रिमोटचं तोंड समोर धरा आणि बटण दाबा, स्क्रीनवर रिमोटच्या टोकाची एलईडी (छोटा दिवा) जांभळट चमकली म्हणजे सिग्नल निघतोय, मग दोष बहुतेक टीव्हीच्या सेन्सरचा, नवा रिमोट आणून काय उपयोग?

एक-दोनच बटणं मेली असतील तर साफच करा. आतल्या रबरी पॅडवर काळा कार्बन असतो, त्यावर हाताचा तेलकटपणा चढतो नि खालच्या सर्किटच्या पट्टीला नीट संपर्क होत नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन हलकं पुसायचं, घासायचं नाही, नाहीतर कार्बनच निघून येतो. सेल गळून पत्र्या हिरव्या झाल्या असतील तर थोडं व्हिनेगर लावा, पण पूर्ण सुकू द्या. (नाशकात पावसाळ्यात हे फार होतं बुवा!)

डुप्लिकेट एमजी रोडला सहज मिळतो, जुना सोबत न्या, दुकानातच चालवून बघा. साध्या टीव्हीला मस्त. पण व्हॉइसवाला रिमोट ब्लूटूथवर चालतो, तिथे स्वस्त डुप्लिकेटने फक्त आवाज-चॅनल होतं, माईक गेला. एसीला तर मी जुनाच जपेन, कारण एसीचा रिमोट प्रत्येक दाबाला तापमान, मोड, फॅन सगळं एकदम पाठवतो, कोड जुळला नाही की भलतंच सुरू.